टिकल्याचा उतारा

टिकल्या माझ्या माहेरून सासरी आला, पण रुखवतात नाही आला. माझं माहेर उमरेडचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले, भावाने घर भाड्याने दिलं आणि तो नोकरीच्या गावी अकोल्याला निघून गेला. भांडी त्याने नेली, पलंग विकला, उरला कुत्रा. कुत्रा काही भाड्याने देता येत नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. तपकिरी अंग, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकल्या. धरमपेठेतल्या आमच्या त्या घरात मला लग्नाआधीपासून ओळखणारा तो एकटाच होता. संध्याकाळी अंगणात त्याच्या डोक्यावर हात ठेवला की मला उमरेडच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सासरी काय कमी आहे, असं विचारणारे ढीगभर निघाले असते.

सासूबाईंचं नाव बायजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. टिकल्या आला त्याच दिवशी त्यांनी दारात उभं राहून कायदा सांगून टाकला.

"राहू दे अंगनात. पन माह्या चुलीवरचं अन्न कुत्र्याले जानार नाई. आधीच सांगून ठेवतो वं सुभद्रा, मंग म्हनशीन सासू खाष्ट आहे."

मग कशाला म्हणायचं? आधीच म्हणून ठेवलेलं होतं. मी माझ्या ताटातली अर्धी भाकर पदराखाली लपवायची आणि भांडी घासायला म्हणून मागे गेले की त्याला द्यायची. उरलेल्या अर्धीवर माझं भागायचं. भागायचं म्हणजे भागवायची.

त्या आषाढात टिकल्याने स्वतःलाच चावायला सुरुवात केली. शेपटीच्या बुडाशी तोंड खुपसायचं आणि कणीस खाल्ल्यासारखं कचाकचा चावत बसायचं. तिथले केस गेले, चामडी लाल झाली. सासरे, म्हणजे आमचे मामाजी मनोहरराव, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना त्यांनी भिंतीला पडलेली भेग कधी नुसती बुजवली नाही, आधी ती का पडली ते शोधलं, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि टिकल्याला उलटा-पालटा करून पाहिलं.

"गोचीड आहेत," ते म्हणाले. "बाकी काही नाई."

खरंच गोचीड होत्या. मामाजींनी त्या चिमट्याने काढल्या, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून त्याला आंघोळ घातली, करंजाचं तेल चोळलं. आठवडाभर आमच्या अंगणात असा वास होता की दूधवालाही फाटकाबाहेरूनच दूध द्यायचा. गोचीड गेल्या, चामडी सुकली, केस उगवू लागले. मामाजींनी शेजारच्या सिंधूताईंना बोलावून तो भाग दाखवला सुद्धा.

आणि श्रावण लागला तसा टिकल्या पुन्हा चावायला लागला.

आता ही मामाजींच्या हुशारीची बेअब्रूच होती. त्यांनी पुन्हा टॉर्च घेतला. काही नाही. भिंग आणलं. काही नाही. आमच्या ह्यांनी, म्हणजे मामाजींच्या केशवने, आपलं जुनं बनियन टिकल्याला चढवलं, म्हणजे तोंड चामडीपर्यंत पोचणार नाही. बनियन घालून टिकल्या अंगणात असा फिरायचा की जणू सकाळची आंघोळ आटोपून आता पेपर मागणार. दुसऱ्या दिवशी त्याने बनियन मागून खाऊन टाकलं आणि पुढचं तेवढं गळ्यात ठेवलं.

आत्याबाई मात्र निश्चिंत होत्या. त्यांना रोग कळला होता.

"नजर लागली त्याले. त्या दिवशी तुमीच नाई का सिंधूले बोलावून दाखवलं, पाहा कसा गुटगुटीत झाला म्हनून?"

"कुत्र्याले कोन नजर लावते?" मामाजी म्हणाले.

"मानसाले लागते तं कुत्र्याले काहून नाई लागनार? तो का दगड आहे?"

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी उतारा केला. केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभात, भाकरीचा तुकडा, लाल मिरची, लिंबू, वर हळदकुंकू. टिकल्याला समोर बसवून तो उतारा त्याच्यावरून ओवाळला आणि आल्यागेल्याची, भूताखेताची, शेजारणीची, असं पुटपुटत गेल्या. शेजारणीची म्हणताना आवाज जरा चढला. मग पान उचलून एकट्या गल्लीच्या टोकाच्या चौरस्त्यावर ठेवायला निघाल्या. उताऱ्याचे नियम कडक असतात. नेणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, त्याच्या मागे जायचं नाही. ठेवणाऱ्याने ठेवून सरळ परत यायचं आणि मागे वळून मुळीच पाहायचं नाही. पाहिलं तर उतरवलेली पीडा पाठीला लागून घरी येते. परत आल्यावर पाय धुवायचे, मगच आत.

आत्याबाई आल्या, पाय धुतले. थोड्या वेळाने टिकल्याही कुठूनसा येऊन जोत्याशी आडवा झाला आणि त्या संध्याकाळी त्याने एकदाही चावलं नाही.

"पाह्यलं?" आत्याबाई म्हणाल्या. मामाजींनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा कचकच. पुन्हा उतारा, पुन्हा आराम. उताऱ्याला एरवी शनिवार पाहतात, आमच्याकडे तो कोणत्याही वारी होऊ लागला. मामाजी चिडायचे, पण करणार काय? त्यांच्या करंजाच्या तेलाने जे होत नव्हतं ते दहीभाताने होत होतं. तरी रोज उतरवून रोज पुन्हा लागणारी ही कसली नजर, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. आत्याबाईंचं उत्तर तयारच असणार: सिंधू रोज पाहते.

अशात मामाजींचे खात्यातले जुने स्नेही महादेवराव भेटायला आले. बैठकीचं दार उघडं, समोर अंगणात टिकल्या. पाहुणे कुठल्याशा पुलाची गोष्ट रंगात येऊन सांगत होते आणि टिकल्याने सुरू केलं. खाजेची एक गंमत आहे, ती पाहणाऱ्यालाही सुटते. महादेवरावांनी आधी मान खाजवली. मग कोपर. पूल अर्ध्यावर आला तोवर ते सोफ्याच्या पाठीला पाठ घासत होते. चहा तसाच टाकून उठले आणि जाताना म्हणाले, "मनोहरराव, घर मोठं छान आहे तुमचं, पन आता मी बाहेरच भेटत जाईन गा."

मामाजींचा चेहरा काळवंडला. फाटक लागलं आणि ते गरजले.

"बस झालं! मारबतीच्या दिवशी रामाजी येतेच. मारबत इडापिडा घेऊन जाईन, अन् रामाजी हा कुत्रा घेऊन जाईन. तोवर चावनं बंद झालं तं ठीक."

रामाजी आमची काटोलकडची शेती बटईने करायचा. पोळा बैलांबरोबर शेतावर करायचा आणि दुसऱ्या दिवशी इतवारीतून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला नागपूरला यायचा. "घेऊन जा गे मारबत" ओरडून ओरडून घसा बसवायचा, आमच्याकडे जेवायचा आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जायचा. माणूस भला होता, पण त्याच्या शेतावर कुत्री टिकत नसत. रान लागून होतं आणि बिबट्याला कुत्रं फार आवडतं. मागचं कुत्रं कुठे गेलं विचारलं की रामाजी नुसता रानाकडे हात करायचा.

पोळा श्रावणी अमावस्येला, म्हणजे तोंडावरच. भावाला पत्र टाकून उपयोग नव्हता. त्याने वडिलांचा पलंग विकला होता, तो कुत्रं काय सांभाळणार? मी ह्यांच्या मागे लागले आणि आम्ही टिकल्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी चामडी दाबून पाहिली, केस उलटे फिरवून पाहिले, कान पाहिले.

"याला आता काहीच झालेलं नाही," ते म्हणाले. "चामडी छान आहे. चावतो म्हणून तेवढी लाल. खायला काय देता?"

"अर्धी भाकर," मी म्हणाले.

"आणि?"

"अन् काही नाई."

डॉक्टरांनी टिकल्याच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अर्ध्या भाकरीवर असं पोट येत असेल तर बाई, मला सांगा कोणत्या गिरणीचं पीठ आहे."

हे रस्ताभर हसत होते. मी मात्र टिकल्याचं पोट पाहत होते. खरंच, आजारी कुत्रं वाळतं. हा फुगत चालला होता.

घरी आल्यावर मी त्याचं तोंड हातात धरून वास घेतला. त्याच्या मिशांना साजूक तुपाचा वास येत होता.

हे तूप म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ते डालड्यासाठी रांगा लावायचे दिवस. आमच्याकडे काटोलहून यायचं ते साजूक तूप आत्याबाई कपाटात कुलपात ठेवायच्या आणि किल्ली कमरेला. मला वरणावर मिळायचं ते तूप होतं की तुपाची आठवण, हे सांगता येत नसे. आणि हा गडी मिशांना तूप लावून हिंडत होता.

आता मीही मामाजींचीच सून. दुसऱ्या दिवशी मी टिकल्यावर पाळत ठेवली. दुपारी सगळे झोपले तेव्हा खिडकीच्या गजांतून पाहत बसले. टिकल्या पेरूखाली चारी पाय वर करून घोरत होता. ना खाज, ना चावा. मामाजी उठले, अंगणातून गेले. याने डोळा उघडला आणि मिटला. मी बाहेर जाऊन आले. याने शेपटी हलवली, पुन्हा झोप. मग ऊन उतरलं आणि स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या बांगड्या वाजल्या. टिकल्या ताडकन उठला. दारासमोर नीट जागा धरून बसला आणि लागला चावायला. थोडं चावायचा, थांबायचा, डोळ्याच्या कोपऱ्यातून आत पाहायचा. आत्याबाईंची पाठ असली की चावणं थांबवायचा. त्या वळल्या की पुन्हा कचकच.

मी तोंडाला पदर लावला. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. याच्यासाठी मी रात्र रात्र तळमळत होते!

त्या संध्याकाळी आत्याबाई उतारा घेऊन निघाल्या आणि मी नियम मोडला. मागच्या सांदीतून टिकल्या निसटला, त्याच्यामागे मी निसटले. चौरस्त्यावर विजेचा खांब होता आणि त्याला लागून बंद पानठेला. त्या ठेल्याआड मी उभी राहिले.

आत्याबाईंनी पान खाली ठेवलं. मिरची आणि लिंबू उचलून बाजूला दगडावर ठेवलं. कमरेच्या पिशवीतून छोटी वाटी काढली आणि भातावर तूप ओतलं. मग ठरल्याप्रमाणे पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या. टिकल्या पलीकडून आला आणि स्वतःच्याच उताऱ्यावर तुटून पडला. थोडं पुढे जाऊन आत्याबाई थांबल्या. आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहिलं. आणि वळून मागे पाहिलं.

सासूबाईंचा तसा चेहरा मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते. दात नसलेल्या नातवाला भरवताना बायका करतात तसा.

"हळू खाय रे मेल्या," त्या म्हणाल्या. "ठसका लागन. कोनी हिसकून नाई राह्यलं."

मला हसू फुटलं आणि माझा पाय ठेल्याच्या पत्र्यावर आपटला. आत्याबाई दचकल्या.

"कोन आहे? सुभद्रा? तू मागं मागं आली वं? उताऱ्याच्या मागं येत असते का कोनी?"

"अन् उतारा ठेवून मागं पाहत असते का कोनी?"

त्यांनी तुपाची वाटी पदराआड केली. मग मीच म्हणाले, "आत्याबाई, उताऱ्यात तूप कोन घालते?"

"कोरडा भात उतरत नाई त्याच्या घशाखाली," त्या पुटपुटल्या.

"मंग घरीच द्याचा ना. चोरून काहून?"

"घरी कशी देऊ? चुलीवरचं देनार नाई, असं मीच बोलून बसली ना सगळ्याईपुढं." त्या ठेल्याला टेकल्या. "तुले काय वाटते, मले दिसत नाई? रोज अर्धी भाकर तू त्याले घालून राहिली. तुह्या गळ्याची हाडं दिसाले लागली वं. खाय म्हटलं तं पोट भरलं म्हनत होती. म्या म्हटलं, याचं पोट दुसरीकून भरलं, तं ही तरी पुरी भाकर खाईन."

सासरी दोन वर्षं मी ताटाकडे पाहून जेवत होते आणि मला वाटायचं की माझ्या ताटाकडे कोणाचंच लक्ष नाही. डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले. पण टिकल्या पान चाटत होता आणि मारबत जवळ आली होती, म्हणून रडणं मागे ठेवून मी त्यांना दुपारचं सगळं सांगितलं. हा एकटा असला की चावत नाही. तुम्ही दिसल्या की चावतो. पहिल्यांदा उगवत्या केसांनी खाजलं असेल, पण आता चावलं की तूपभात येतो, हे त्याला कळलं आहे.

"काई तरीच," त्या म्हणाल्या. "जनावराले एवढं नाटक येते?"

त्यांना खात्री पटवायला टिकल्याच धावून आला. पान साफ झालं होतं. त्याने आत्याबाईंकडे पाहिलं, शेपटीकडे तोंड नेलं आणि एक चावा घेऊन पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. अजून आहे का?

"अरे भामट्या!" आत्याबाई ओरडल्या. आणि मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हंजे म्याच याले रानात धाडून राहिली होती वं."

घरी येईपर्यंत आमचं ठरलं. चावला की काही द्यायचं नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही. पेरूखाली शांत पडला असेल तेव्हा जाऊन द्यायचं. मामाजींना खरं सांगायचा प्रश्नच नव्हता. तुपाचा हिशोब निघाला असता. आत्याबाईंनी जाहीर केलं की आता नजर दुपारीच, ती झोपेत असताना उतरवावी लागेल.

"झोपलेल्या पीडेले उठवता कायले?" मामाजी म्हणाले. पण स्वतःच्या दुपारच्या झोपेपुढे त्यांनी फार चौकशी केली नाही.

टिकल्याला मात्र हा बदल मुळीच मान्य नव्हता. संध्याकाळी बांगड्या वाजूनही भात येईना, तेव्हा त्याला वाटलं आपलंच काम कमी पडतंय. तो दुप्पट चावू लागला. दारात येऊन, पाटाशी येऊन, एकदा तर मामाजींच्या खुर्चीखाली बसून. मामाजी कॅलेंडरकडे बघायचे. आत्याबाई चुलीपुढे कासावीस व्हायच्या. "रक्त काढन वं तो, एक घास टाकू दे," म्हणायच्या आणि मी त्यांचा हात धरून ठेवायची. सासूचा हात धरून ठेवायची वेळ माझ्यावर येईल असं मला उमरेडला कोणी सांगितलं असतं तर मी लग्न आणखी आनंदाने केलं असतं. हळूहळू चावणं कमी झालं. पण गेलं नव्हतं. आणि पोळा येऊन ठेपला.

मारबतीच्या दिवशी दुपारी रामाजी आला, घसा बसलेला, कपाळावर गुलाल. हातात दोरी होती. मामाजींनी ती पोस्टकार्ड टाकूनच मागवली होती. ओसरीत पाट मांडले. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या, वर तूप. मामाजी आणि रामाजी जेवायला बसले. टिकल्या समोर अंगणात. मी दाराची चौकट धरून उभी होते.

आत्याबाई तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या. बांगड्या वाजल्या.

टिकल्या उठला. नीट जागा धरून बसला. आत्याबाईंकडे पाहिलं आणि मान शेपटीकडे वळवली. मामाजींचा घास हातातच राहिला. रामाजीने दोरी मांडीवर घेतली.

आत्याबाईंनी टिकल्याकडे पाठ केली. चौरस्त्यावरून परत येताना करायला हवी होती तशी, सरळ, ताठ. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. ओठ दाबून धरलेले. मागे पाहण्याची त्यांना किती सवय होती हे फक्त मला ठाऊक होतं. मी डोळ्यांनीच त्यांना म्हणत होते, नका पाहू, नका पाहू.

टिकल्या मान वळवून थांबला. त्या पाठीकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग नाकाने एक मोठा सुस्कारा सोडला, पेरूखाली गेला आणि तिथे तोंड पायांवर ठेवून आडवा झाला.

"कुत्रा तं चांगला आहे जी," रामाजी बसक्या घशाने म्हणाला. "कायले नेऊ याले? माह्याकडं नेऊन बिबट्यालेच खाऊ घालनं आहे." आणि त्याने दोरी पाटाखाली सारली.

रामाजी संध्याकाळच्या मोटारीने एकटाच गेला. मग आम्ही दोघी जेवायला बसलो. मामाजी पान लावत दारात उभे होते. टिकल्याकडे पाहत, खात्यातल्या माणसाने मोठ्या मनाने चूक कबूल करावी तसं म्हणाले, "मानलं बाप्पा. तुह्या उताऱ्यानं फरक पडला."

आत्याबाईंनी माझ्या ताटात अख्खी पुरणपोळी टाकली, तिच्यावर तुपाची वाटी उपडी केली आणि बोट दाखवून मला बजावलं, पुरी खायची. मग मामाजींना म्हणाल्या, "पडनारच. मागं नाई पाह्यलं का लागू पडतेच तो."